झाडावर चढायला यंत्र आलं, पण झाड ओळखणार कोण?

नागाव (ता. अलिबाग) : नारळ पाडायला माणूस मिळत नाही, ही आपल्याकडे घरोघरची तक्रार. जुने गडी थकले, त्यांची पोरं दुसऱ्या कामाला लागली. म्हणून आता चढण्याचं यंत्र आलंय.

यंत्र साधं आहे. दोन पायांना दोन भाग, प्रत्येकाचा तारेचा दोर खोडाभोवती. एका पायावर भार दिला की तो दोर आवळतो, तेवढ्यात दुसरा सैल करून वर सरकवायचा. नारळ विकास मंडळाने २०११ पासून याचं सहा दिवसांचं प्रशिक्षण सुरू केलं. केरळात बायकाही हे शिकल्या. फायदा खरा आहे. छाती सोलत नाही आणि खोडाला खाचा पाडाव्या लागत नाहीत. अशा जखमांतूनच सोंड्या भुंगा आत शिरतो.

मग अडचण कुठे आहे?

जुना गडी नुसता चढत नव्हता. नारळ तयार व्हायला ११-१२ महिने लागतात आणि एका झाडावर सगळ्या वयाचे घड असतात. कुठला काढायचा, कुठला ठेवायचा हे तो वर बसून ठरवायचा. शेंडा साफ करायचा. पानं पंख्यासारखी कातरलेली दिसली की गेंड्या भुंगा ओळखायचा आणि तारेच्या आकड्याने ओढून काढायचा.

मागच्या वर्षी माझ्या वाडीत ठेक्यावर एक पोरगा आला. झाडं पटापट उरकली. खाली बघतो तर कितीतरी नारळ अडसर! विचारलं तर म्हणाला, "दादा, आकडा पुरा करायचाय. वर थांबलो तर पैसे कापतात."

प्रशिक्षणात कीड ओळखायलाही शिकवतात. पोराला ते येत असेलही, पण वापरायला वेळ कोण देतो? चूक यंत्राची नाही, पोराचीही नाही. वर किती वेळ थांबायचं हे खाली उभा असलेला ठरवतो, तिथे चूक आहे. शिवाय सहा दिवसांत माणूस तयार होतो म्हटल्यावर, 'तू नाही तर दुसरा' म्हणणं सोपं जातं.

कोकणाला हे नवीन नाही. आपली कितीतरी माणसं मुंबईच्या गिरण्यांत होती. काही गिरण्यांत एका विणकराला दोनाऐवजी तीन माग सांभाळायला लावले. १९२८ चा सहा महिन्यांचा संप ज्या कारणांनी झाला, त्यातलं हे एक मोठं कारण. माग तेच, हातही तेच, फक्त कामाचा वेग कामगाराच्या हातात राहिला नाही.

वाडीवाल्यांनी तीन गोष्टी कराव्यात. शेंडा साफ करण्याचे पैसे वेगळे ठरवा. कुठला घड काढायचा हे चढणाऱ्यावर सोडा. आणि यंत्र शिकलेल्या पोराला काही दिवस जुन्या गड्याबरोबर वाडीत फिरवा. तो गडी आता चढू शकत नसला, तरी खालून बघून सांगू शकतो. तो आहे तोवरच हे होईल.