जहाज लहान होते, पाणी होत नाही

इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरात ‘एचएमएस वॉरियर’ ही युद्धनौका आजही पाहायला मिळते. १८६० मध्ये ती पाण्यात उतरली. लोखंडी सांगाडा, चिलखती बाजू, शिडांच्या जोडीला वाफेचे इंजिन आणि मागे पंखा अशी तिची रचना. वाफेच्या युद्धनौकांच्या प्रतिकृती घडवणाऱ्याला तिच्यासारखा विषय शोधूनही सापडायचा नाही. पण अशी प्रतिकृती कपाटात न ठेवता पाण्यात सोडायची ठरवली, की हस्तकलेच्या सोबतीला भौतिकशास्त्र लागते.

१:१०० हे प्रमाण घेऊ. १२८ मीटरची वॉरियर १.२८ मीटरची होते. ११४ मिलिमीटर जाडीचे चिलखत जेमतेम एक मिलिमीटरचा पत्रा होते, तर त्यामागचा ४६ सेंटिमीटरचा सागवानी थर साडेचार मिलिमीटरवर येतो. वजनाचे गणित मात्र निराळे आहे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही शंभर पटींनी घटतात, म्हणून वजन दहा लाख पटींनी घटते. नऊ हजार टनांहून थोड्या अधिक वजनाच्या जहाजाची प्रतिकृती नऊ किलोंच्या थोडी वरच भरायला हवी. ती हलकी झाली तर पाण्यावर उंच तरंगते आणि जड झाली तर तोफांच्या झरोक्यांपर्यंत बुडते.

वेगाचा नियम आणखी वेगळा आहे. वॉरियर वाफेवर ताशी सुमारे २६ किलोमीटर वेगाने जाई. प्रतिकृतीचा वेग शंभर पटींनी कमी केला, तर नाळेपुढे लाट उठतच नाही. गुरुत्वाकर्षण दोघांनाही सारखेच आहे आणि लाटेचा वेग तिच्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. म्हणून येथे भागायचे ते शंभराच्या वर्गमुळाने, म्हणजे दहाने. ताशी २.६ किलोमीटर वेगाने चालवली, की प्रतिकृतीभोवती लाटांचा तोच आकृतिबंध उमटतो.

हा नियम प्रयोगाने पक्का केला विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने. १८६७ मध्ये त्याने डार्ट नदीत ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ या दोन आकारांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. प्रत्येकीची ३, ६ आणि १२ फूट लांबीची रूपे त्याने केली होती. टोकदार रेव्हन प्रत्येक वेगाला सरस ठरेल असे वाटणे स्वाभाविक होते. पण जास्त वेगाला बोथट स्वान सरस ठरली. पुढे ब्रिटिश नौदलाच्या मदतीने त्याने टॉर्की येथे सुमारे ८५ मीटर लांबीचा हौद बांधला. तेथे १८७२ पासून मेणाच्या प्रतिकृतींची चाचणी सुरू झाली. मेण सहज तासता येते आणि वितळवून पुन्हा वापरता येते. मुळात हा नियम खऱ्या जहाजाला लागू पडतो का, हे तपासण्यासाठी १८७१ मध्ये ‘ग्रेहाउंड’ हे नौदलाचे जहाजच दुसऱ्या जहाजाने ओढून त्याचा रोध मोजला होता. प्रतिकृतीवरून काढलेले उत्तर त्याच्याशी चांगले जुळले. फ्रूडने लाटांचा रोध आणि पाण्याच्या घर्षणाचा रोध वेगळे मोजले, कारण घर्षण या वर्गमुळाच्या नियमाने घटत नाही. त्याच्या यशाचे मर्म या विभागणीत आहे.

प्रतिकृतीकाराने सर्वांत जपायचा असतो तो गुरुत्वमध्य. शिसे तळाशी बसवायचे आणि वरच्या डोलकाठ्या, धुरांडी, तोफा शक्य तितक्या हलक्या ठेवायच्या. रंगाचे जादा थरसुद्धा वरचे वजन वाढवतात. ही चूक खऱ्या जहाजात झाली तर काय होते, हे १८७० मध्ये ‘एचएमएस कॅप्टन’ने दाखवले. उंच डोलकाठ्या, वजनदार तोफबुरूज आणि ठरल्यापेक्षा जास्त झालेले वजन यांमुळे तिचा डेक पाण्याच्या फार जवळ आला होता. सप्टेंबरच्या वादळी रात्री स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ ती उलटली आणि साडेचारशेहून अधिक माणसे बुडाली. तिचा रचनाकार कूपर कोल्सही त्यांत होता.

फ्रूडची पद्धत आजही चालते. विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत प्रतिकृती ओढून तपासण्यासाठी ५०० मीटर लांबीचा हौद आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात जहाज मांडणाऱ्या मुलांना शिक्षकांनी एक काम जरूर द्यावे: खऱ्या जहाजाचे वजन शोधा, प्रमाणाच्या घनाने भागा, तेवढेच वजन आपल्या प्रतिकृतीत भरा आणि मगच ती पाण्यात सोडा.