उन्हात खेळलेली मुलगी : सानिया मिर्झा

११ जुलै २०१५. रमजानचा महिना. तरावीहची नमाज आटोपून मंडळी कधीच घरी परतली होती, सहरीला उठायला अजून अवकाश होता, आणि आमच्या घरात टीव्हीचा आवाज अगदी बारीक करून आम्ही बसलो होतो. आत वडीलधारी माणसे झोपलेली. लंडनमध्ये विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर महिला दुहेरीचा अंतिम सामना चालला होता. सानिया मिर्झा आणि स्वित्झर्लंडची मार्टिना हिंगिस एका बाजूला. समोर रशियाच्या एकातेरिना माकारोवा आणि येलेना वेस्निना. पहिला सेट सानियाने ५-७ असा गमावला होता. दुसरा कसाबसा टायब्रेकवर मिळाला. तिसऱ्यात धावफलक २-५. आणखी एक गेम गेला असता की सगळे संपले असते.

तिथून दोघींनी ५-५ पर्यंत ओढून आणले. तेवढ्यात लंडनला अंधारू लागले, म्हणून खेळ थांबवून कोर्टावरचे छप्पर बंद केले गेले. ती काही मिनिटांची विश्रांती आम्हाला फार जड गेली. दिवे लागले, दोघी परत आल्या आणि पुढचे दोन्ही गेम घेऊन ७-५ असा सेट जिंकल्या. विम्बल्डनच्या महिला दुहेरीचा चषक उचलणारी सानिया ही पहिली भारतीय स्त्री. आमच्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. झोप कुणाला येणार? आम्ही तसेच सहरीच्या तयारीला लागलो.

त्या रात्री आम्हाला तिने स्वतःच मुलाखतींमधून सांगितलेली एक जुनी गोष्ट आठवत होती. ती लहान असताना नातेवाईक आणि ओळखीचे लोक तिच्या आईवडिलांना म्हणत, पोरीला उन्हात खेळवता, काळी पडेल, उद्या हिच्याशी लग्न कोण करणार? हे वाक्य कोकणापासून मराठवाड्यापर्यंत आपल्या किती घरांत बोलले जाते, ते आमच्या वाचक भगिनींना सांगायला नको. बहुतेक घरांत ते बोलले की विषय मिटतो. मिर्झांच्या घरात तो मिटला नाही.

सानियाचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ चा, तोही मुंबईचा. प्रसूतीच्या वेळी आईची तब्येत फार बिघडली होती, म्हणून तिला मुंबईच्या खास इस्पितळात आणावे लागले होते. तीन आठवड्यांची सानिया हैदराबादला आपल्या घरी गेली आणि तिथलीच झाली. सहाव्या वर्षी आई नसीमा तिला टेनिसच्या प्रशिक्षकाकडे घेऊन गेल्या. एवढीशी पोर काय खेळणार म्हणून त्याने आधी नकारच दिला. मग घेतले, आणि महिन्याभरातच त्याने आईवडिलांना निरोप धाडला, येऊन हिचा खेळ बघून जा. त्या काळी हैदराबादेत चांगली कोर्ट नव्हती. आपल्याकडे अंगण सारवतात तशा शेणाने सारवलेल्या कोर्टवर ती शिकली. मुलगी टेनिस खेळून मोठी होते याचा दाखला देशातच फारसा नव्हता. वडील इम्रान मिर्झा यांनी तिच्या प्रशिक्षणाची सूत्रे स्वतःकडे घेतली, आई तिच्याबरोबर गावोगाव आणि पुढे देशोदेशी फिरली. खेळाडूच्या नावावर चषक लागतो. त्यामागे आईवडिलांची किती वर्षे आणि किती पैसा गेला याचा हिशेब कुठे लिहिलेला नसतो.

२००३ साली, सोळा वर्षांची असताना, रशियाच्या अलिसा क्लेबानोव्हाच्या साथीने तिने विम्बल्डनमध्ये मुलींच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी हैदराबादेत झालेल्या आफ्रो-आशियाई स्पर्धेत चार सुवर्णपदके. पण देशभर तिचे नाव झाले ते २००५ मध्ये. जानेवारीत मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनची तिसरी फेरी, समोर सेरेना विल्यम्स. पहिला सेट ६-१ असा सरळ गेला, दुसऱ्यात मात्र या अठरा वर्षांच्या मुलीने चार गेम घेतले. फेब्रुवारीत आपल्याच गावात, हैदराबाद ओपनच्या अंतिम फेरीत तिने युक्रेनच्या अलोना बोंदारेंकोला तीन सेटमध्ये हरवले. डब्ल्यूटीए स्पर्धेत एकेरीचे विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. मार्चमध्ये दुबईत तिने स्वेतलाना कुझनेत्सोव्हाला ६-४, ६-२ असे हरवले. कुझनेत्सोव्हा तेव्हा अमेरिकन ओपनची गतविजेती होती. सप्टेंबरमध्ये त्याच अमेरिकन ओपनची चौथी फेरी. इतके सगळे एका वर्षात.

आणि त्याच वर्षी तिच्या स्कर्टवरून वाद उठला. काही मौलवींनी तिच्या पोशाखाला आक्षेप घेतला, वृत्तवाहिन्यांनी तो आठवडाभर चघळला, आणि कोलकात्याच्या स्पर्धेत तिच्याभोवती पोलिसांचा मोठा बंदोबस्त ठेवावा लागला. पोशाखाच्या प्रश्नावर आमच्या वाचकांत दोन मते आहेत, आमच्या स्वतःच्या घरातही आहेत, आणि ती प्रामाणिक आहेत. पण त्या दिवसांतली वर्तमानपत्रे आठवली की आजही वाईट वाटते. तिचा फोरहँड जगातल्या जोरदार फोरहँडपैकी एक म्हणून नावाजला जात होता, आणि आपल्याकडे मोजमाप चालले होते कापडाचे. पुढे २००८ च्या सुरुवातीला एका छायाचित्रात तिचे पाय राष्ट्रध्वजाच्या दिशेने दिसले म्हणून तिच्यावर तक्रार दाखल झाली. अशा प्रकरणांना कंटाळून त्या वर्षी तिने बंगळुरूच्या स्पर्धेत खेळायचेच टाळले.

खेळ मात्र चालू होता. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत लिएंडर पेससोबत मिश्र दुहेरीत सुवर्ण, एकेरीत रौप्य. ऑगस्ट २००७ मध्ये ती एकेरीच्या जागतिक क्रमवारीत २७ व्या स्थानावर पोहोचली. तिथवर दुसरी कुठलीही भारतीय स्त्री अजून गेलेली नाही.

मग मनगटाने दगा दिला. सानियाचे सांधे मुळातच गरजेपेक्षा जास्त लवचिक. त्या लवचिकतेमुळेच तिच्या फोरहँडला चाबकासारखा झटका येई, आणि त्याच झटक्याने मनगट झिजले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पहिलाच सामना अर्ध्यावर सोडून तिला कोर्टाबाहेर यावे लागले. शस्त्रक्रिया झाली. त्या काळात स्वतःचे केस विंचरणेही जमत नव्हते, खोलीबाहेर यावेसे वाटत नव्हते, आपण नैराश्यात गेलो होतो, असे तिने पुढे मोकळेपणाने सांगितले. तेव्हा तिचे वय एकवीस. आपल्या समाजात मनाच्या आजाराबद्दल बोलायला माणसे अजून कचरतात. इतक्या मोठ्या खेळाडूने ते उघड सांगितले, हे आम्हाला तिच्या एखाद्या चषकाहून कमी वाटत नाही.

बरी होऊन आली ती २००९ च्या जानेवारीत, आणि महेश भूपतीबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. वरिष्ठ गटात ग्रँड स्लॅम जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. याच जोडीने आदल्या वर्षी तिथलाच अंतिम सामना गमावला होता.

पुढच्या चार वर्षांत एकेरी तिच्या हातून निसटत गेली. मनगटाच्या जोडीला दोन्ही गुडघ्यांवरही शस्त्रक्रिया झाल्या. अखेर २०१३ पासून तिने एकेरी खेळणे सोडले. पुष्कळांनी तेव्हा मान हलवली. संपली म्हणाले. दुहेरी म्हणजे दुय्यम, असा आपल्याकडे समज आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. एकेरीचे कोर्ट २७ फूट रुंद असते, दुहेरीचे ३६. जागा जास्त, पण ती अडवायला दोघी असतात. त्यामुळे प्रत्येक चेंडूमागे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धावणे कमी होते. चेंडूंची देवाणघेवाण आटोपशीर असते आणि निकाल बहुधा जाळीपाशी लागतो. तिथे नजर, हात आणि जोडीदाराचे मन ओळखण्याची सवय लागते. ज्या शरीराला रोज तीन सेट धावणे झेपत नव्हते, त्या शरीरात फोरहँड अजून तसाच शाबूत होता. सानियाने जे शिल्लक होते त्याचा हिशेब केला आणि जिथे ते जास्तीत जास्त चालेल तिथे नेऊन लावले. संसार चालवणाऱ्या बायकांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

२०१४ मध्ये ब्रुनो सोआरेसबरोबर अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी आणि झिंबाब्वेच्या कारा ब्लॅकबरोबर वर्षअखेरची डब्ल्यूटीए फायनल्स तिने जिंकली. मार्च २०१५ मध्ये हिंगिस तिच्या जोडीला आली. ही तीच हिंगिस, जी एके काळी एकेरीत जगात पहिली होती आणि जिला सानियाने २००६ साली सोलमध्ये हरवले होते. सानियाने मागून जोरदार फटके मारायचे आणि हिंगिसने जाळीपाशी चेंडू टिपायचा. इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन अशा एकत्र खेळलेल्या पहिल्या तिन्ही स्पर्धा दोघींनी जिंकल्या, आणि १३ एप्रिल २०१५ रोजी सानिया दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिली झाली. हे स्थान तिने एकूण ९१ आठवडे भूषवले. विम्बल्डननंतर अमेरिकन ओपन, मग डब्ल्यूटीए फायनल्स, मग २०१६ ची ऑस्ट्रेलियन ओपन. सलग ४१ सामने ही जोडी हरली नाही. कारकिर्दीत तीन महिला दुहेरीची आणि तीन मिश्र दुहेरीची अशी सहा ग्रँड स्लॅम, आणि डब्ल्यूटीए दुहेरीची ४३ विजेतेपदे.

पुरस्कार तर मिळतच गेले. अर्जुन, पद्मश्री, २०१५ मध्ये खेलरत्न, २०१६ मध्ये पद्मभूषण. पण तिला विचारले जाणारे प्रश्न पाहा. २०१० मध्ये तिने पाकिस्तानी क्रिकेटपटू शोएब मलिकशी निकाह केला, तेव्हा विचारले गेले, आता खेळणार कुणासाठी? ती भारतासाठीच खेळत राहिली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी तिला न विचारता तिची जोडी पेसशी लावली गेली. काही दिवसांपूर्वीच तिने भूपतीबरोबर फ्रेंच ओपन जिंकली होती. पुरुष खेळाडूंच्या भांडणात एकाची समजूत काढायला आपल्याला आमिषासारखे वापरले, असे तिने जाहीर पत्रात स्वच्छ लिहिले. आणि तरीही पेसबरोबर खेळली. २०१४ मध्ये तेलंगणाने तिला राज्याची सदिच्छादूत नेमले, तेव्हा एका नेत्याने तिला पाकिस्तानची सून म्हटले. ती टीव्हीवर बोलताना रडली. आपले घराणे शंभरहून अधिक वर्षे हैदराबादचे आहे, आपण भारतीय आहोत आणि शेवटपर्यंत भारतीयच राहू, हे तिला निवेदन काढून सांगावे लागले. मुंबईतल्या जन्माचा आणि आईच्या आजारपणाचा तो तपशीलही तिने त्याच निवेदनात दिला होता. स्वतःच्या जन्माचा असा खुलासा कुठल्या पुरुष खेळाडूला द्यावा लागला आहे, आम्हाला आठवत नाही.

२०१६ मध्ये, दुहेरीत जगात पहिली असताना, एका नामांकित पत्रकाराने विचारले की आता स्थिरस्थावर कधी होणार, मूल कधी. पहिला क्रमांक सोडून मी आई होत नाही याचे तुम्हाला वाईट वाटलेले दिसते, अशा अर्थाचे तिने उत्तर दिले. त्या पत्रकाराने तिथल्या तिथे माफी मागितली, हेही नोंदवायला हवे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा इझहान झाला. आई होताना वाढलेले सुमारे २६ किलो वजन तिने उतरवले आणि जानेवारी २०२० मध्ये, दोन वर्षांहून अधिक काळानंतर, पहिल्याच स्पर्धेत, होबार्टला, नादिया किचेनोकबरोबर दुहेरी जिंकली. सगळी कामे मदतीला माणसे असल्यामुळे जमली, आईवडील आणि बहीण पाठीशी होते, हे खरेच. पण मदत मिळाली म्हणून घाम दुसऱ्या कुणाचा गळला नाही. तिचा आणि मलिक यांचा संसार पुढे मोडला. जानेवारी २०२४ मध्ये कुटुंबाने तसे जाहीर केले, आणि लोकांनी तेवढ्यावर थांबायला हवे होते.

ऑलिंपिक पदक तिला मिळाले नाही. २०१६ ला रिओमध्ये रोहन बोपन्नाबरोबर ती उपांत्य फेरीपर्यंत गेली, तिथे हरली आणि कांस्यपदकाचा सामनाही हरली. ही सल आमच्या मनात आहे, तिच्या मनात किती असेल.

शेवटची ग्रँड स्लॅम होती २०२३ ची ऑस्ट्रेलियन ओपन. अठरा वर्षांपूर्वी सेरेनाशी खेळली तेच मेलबर्न. बोपन्नाबरोबर मिश्र दुहेरीची अंतिम फेरी ती ब्राझीलच्या जोडीकडून हरली. हातात माइक आल्यावर तिचा गळा भरून आला. आपल्या मुलासमोर ग्रँड स्लॅमची अंतिम फेरी खेळायला मिळेल असे कधी वाटले नव्हते, असे ती म्हणाली. इझहान तेव्हा चार वर्षांचा होता.

त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बोपन्नाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले ते आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने. हैदराबादेत सानियाची स्वतःची अकादमी २०१३ पासून चालू आहे. शेणाने सारवलेल्या कोर्टवर शिकलेल्या मुलीने उभारलेली. आमच्या मोहल्ल्यातली सातवीतली एक मुलगी परवा बॅडमिंटनची रॅकेट घेऊन दारात उभी होती. तिची अम्मी आतून ओरडत होती, ऊन उतरू दे, मग जा. आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने पाहिले तर मुलगी मैदानाकडे निघाली होती, ऊन अजून उतरले नव्हते, आणि अम्मी दारात उभी राहून तिच्या डोक्यावरची टोपी नीट करायला खुणावत होती.

सानियाने निरोप घेतला तो ५ मार्च २०२३ रोजी, हैदराबादच्या लाल बहादूर स्टेडियमच्या टेनिस संकुलात. २००५ मध्ये बोंदारेंकोला तिने तिथेच हरवले होते. निरोपाचे सामने मित्रमंडळींबरोबरचे, हसतखेळत झालेले. दोन्ही तीच जिंकली.