काहिलीपासून ढेपेपर्यंत: मोबाइलवर दाखवा, मग विका



'बोलेल त्याची बोरे विकतात' अशी आपल्याकडे म्हण आहे. पण आजचे गिऱ्हाईक नुसत्या बोलण्यावर भुलत नाही. 'शुद्ध', 'अस्सल', 'घरगुती' हे शब्द बाजारातल्या प्रत्येक पुडीवर छापलेले असतात. ज्याने कष्टाने चोख माल तयार केला त्याची पुडी आणि भेसळ करणाऱ्याची पुडी शेजारी शेजारी ठेवली, तर शहरातल्या माणसाला त्यातला फरक कळावा कसा?

तो दाखवण्याचे साधन आज खेड्यातल्या बहुतेक घरांत आहे. ते म्हणजे मोबाइल. त्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटाची चित्रफीत, म्हणजे आपली मुले ज्याला व्हिडिओ म्हणतात ती, घरच्या घरी काढता येते. ती नीट काढली तर मोठ्या जाहिरातीचा खर्च न करताही माल खपू शकतो. कसे ते गुळाच्या उदाहरणाने पाहू.

रंगावर जाणारा गूळ

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गुळाचे नाव मोठे, पण गिऱ्हाईक पाहते रंग. पिवळाधमक दिसला की गूळ चांगला, तपकिरी दिसला की मळका, अशी समजूत पक्की बसली आहे. म्हणून काही गुऱ्हाळांवर रसात हायड्रॉससारखे रसायन बेसुमार टाकतात. त्याने रंग खुलतो, पण साठवणीत तो टिकत नाही, आणि गंधकाचा अंश खाणाऱ्याच्या पोटात जातो. जो असे काही टाकत नाही, त्याच्या तपकिरी ढेपेला मात्र दर कमी मिळतो.

बरे, तपकिरी दिसला म्हणजे तो शुद्धच, असेही नाही. खारवट जमिनीतला ऊस असला किंवा पाक जादा तापला, तरीही रंग गडद होतो. तेव्हा ढेप पाहून काहीच सिद्ध होत नाही. ती कशी तयार झाली ते दाखवले, तरच गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

फाळक्यांचा वाटाणा

ही युक्ती नवी नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली चित्रपटाचा धंदा उभा करू पाहत होते. पण भांडवल देणाऱ्याला या नव्या कलेची खात्री कशी पटावी? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडे थोडे चित्रण करत सुमारे महिनाभर धीर धरला. पडद्यावर मात्र तो वाटाणा पाहता पाहता अंकुरला आणि त्याचा वेल झाला. 'अंकुराची वाढ' या नावाची ती छोटीशी फीत पाहून पैसे घालणारा मिळाला. पुढे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

त्यात ना नट होते, ना गाणे, ना सजावट. जे एरवी डोळ्यांना दिसत नाही ते दाखवले, एवढेच. आपल्या शेतात आणि चुलीपाशी असे किती तरी घडत असते. आपल्याला ते रोजचे वाटते, पण शहरातल्या माणसाने ते कधी पाहिलेले नसते.

सहा तुकडे, प्रत्येकी सहा सेकंद

गुळाची चित्रफीत अशी काढावी:

१. फडातला ऊस तोडला जात आहे.
२. चरकातून रसाची धार पडत आहे.
३. काहिलीत रानभेंडीचा रस घातल्यावर मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढली जात आहे.
४. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी पारखतो आहे.
५. पाक वाफ्यात ओतला जात आहे.
६. ढेप फोडून आतला रवा हातावर धरला आहे.

झाली की छत्तीस सेकंदांची फीत! हे तुकडे जोडण्याची सोय मोबाइलवर फुकट मिळते. घरातल्या शाळकरी मुलाला ती बहुधा येतेच.

चित्रण सकाळी नऊच्या आत किंवा दुपार कलल्यावर करावे. ऊन चित्रण करणाऱ्याच्या पाठीशी असावे. आधी कॅमेऱ्याची काच मऊ सुती कापडाने पुसावी, कारण काहिलीच्या वाफेने ती धुरकट होते. हात हलत असेल तर मोबाइल विटेला टेकवून ठेवावा. उकळत्या काहिलीजवळ मुलांना मुळीच जाऊ देऊ नये. हे काम जाणत्या माणसानेच करावे.

सिनेमाचे गाणे जोडू नये. ते दुसऱ्याच्या मालकीचे असते, आणि त्याची गरजही नाही. चरकाची घरघर आणि उकळत्या पाकाचा आवाज हेच आपले संगीत. बोलायचे असेल तर कारभाऱ्याने किंवा घरच्या बाईने आपल्या नेहमीच्या बोलीत दोन वाक्ये बोलावीत. पुस्तकी भाषा आणली की माणूस अवघडतो आणि ते पाहणाऱ्याला कळते.

पापड करणाऱ्या बचत गटातील भगिनींनी उडदाचे पीठ कुटण्यापासून पापड वाळेपर्यंतचे काम असेच दाखवावे. हळद करणाऱ्याने काढणी, शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश करणे दाखवावे. मात्र जिचे चित्र घ्यायचे तिला आधी विचारावे. मजूर बाई नको म्हणाली तर नुसते कामाचे हात टिपावेत.

जीभ सैल सोडू नये

चित्रफीत गावोगाव फिरते, म्हणून त्यातले प्रत्येक वाक्य खरे असले पाहिजे. 'आमचा गूळ मधुमेह्यांना चालतो' असे कोणी सांगतात. ते साफ खोटे आहे. गुळानेही रक्तातली साखर वाढते, आणि अशा बोलण्यावर भरवसा ठेवून एखाद्याच्या जिवाशी खेळ होईल. प्रमाणपत्र नसताना माल 'सेंद्रिय' म्हणून विकू नये. अन्नपदार्थांच्या फसव्या जाहिरातीला अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ यानुसार दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खाण्याचा पदार्थ विकणाऱ्या छोट्या गृहउद्योगालाही अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. ती आधी करून घ्यावी आणि मगच मोबाइल हातात धरावा.

एका दिवशी रसायनाविना गूळ करून त्याची फीत काढायची आणि वर्षभर दुसराच गूळ विकायचा, हा प्रकारही लवकर उघडा पडतो. गिऱ्हाईक एकदा फसते, दुसऱ्यांदा येत नाही.

मागणी आल्यावर

फितीच्या शेवटी गावाचे नाव, मालाचा दर, किमान किती माल पाठवाल ते आणि दूरध्वनी क्रमांक लिहावा. हा क्रमांक घरच्या वापराचा नसून धंद्यासाठी वेगळा घेतलेला असावा. प्रथम फीत नातेवाइकांना आणि शहरात नोकरीला गेलेल्या गावकऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी. आपल्याला ओळखणारा माणूस चार जणांना सांगतो, आणि त्याच्या सांगण्याला वजन असते. मग ती यूट्यूबवर ठेवावी.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मोबाइलवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. तो फक्त पैसे देताना लागतो. 'पैसे पाठवतो, पिन टाका' असे म्हणणारे गिऱ्हाईक नव्हे, तो भामटा समजावा.

आलेली प्रत्येक मागणी वहीत लिहावी: तारीख, गाव, किती माल, कोणाकडून कळले. हंगाम संपताना ही वही उघडली की कोणत्या फितीने माल खपला ते कळेल. पहिल्या फितीला मागणी आली नाही तर नाउमेद होऊ नये. दर आठवड्याला कामाचा नवा टप्पा दाखवत राहावे.

दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे पेटतील. चुलवाणाला पहिली आच लागेल त्या दिवशी मोबाइल भरून ठेवा, काच पुसून घ्या, आणि जे खरोखर करता तेवढेच दाखवा.