पणजोबा कोणाच्या फौजेत होते?

रोमानियन पूर्वजाची युद्धातली कामगिरी शोधायला निघालेला माणूस पहिलं पत्र बहुधा बुखारेस्टला धाडतो, आणि तिथंच वाट चुकतो. पणजोबा रोमानियन, म्हणजे रोमानियाच्या फौजेत असणार, हे गणित वरवर बिनचूक वाटतं. पण १९१४ साली रोमानियन वस्तीचा फार मोठा भाग रोमानियात नव्हताच. ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीच्या राज्यात होता, बुकोविना ऑस्ट्रियाच्या आणि पूर्वेचा बेसारेबिया रशियाच्या झारच्या. तिथले रोमानियन तरुण त्या त्या सम्राटाचा गणवेश घालूनच लढायला गेले. तेव्हा या शोधात माणसाच्या आधी त्याचं गाव शोधावं, आणि त्या साली त्या गावावर अंमल कोणाचा होता ते पाहावं, असं माझं म्हणणं आहे. वंशावळ त्यानंतर उघडली तरी चालते.

समजा, १८९३ साली ट्रान्सिल्व्हेनियात बिस्त्रित्साजवळच्या खेड्यात एक मुलगा जन्मला. चर्चच्या वहीत तो योआन पॉप. हंगेरियन कारकून आडनाव आधी लिहिणार आणि नावाचंही भाषांतर करणार, म्हणून तिथं तो पॉप यानोश. जर्मनमध्ये चालणाऱ्या लष्करी दप्तरात योहान. बिस्त्रित्साचंही तेच, हंगेरियनमध्ये ते बेस्तेर्त्से, जर्मनमध्ये बिस्ट्रित्स. त्या भागातली भरती ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ६३व्या पायदळ पलटणीत होई. व्हिएन्नाच्या युद्धखात्यानं १९१४पासून मृत, जखमी आणि कैद झालेल्यांच्या छापील याद्या काढल्या. त्यांत एकेका माणसाच्या वाट्याला जेमतेम एखाद-दोन ओळी येतात: नाव, हुद्दा, पलटण, कंपनी, जिल्हा, गाव, जन्मसाल आणि शेवटी एखादं संक्षिप्त रूप. त्या जागी ‘युद्धकैदी’ असेल, तर शोध व्हिएन्ना-बुडापेस्टवरून रशियाकडे वळतो. कारण १९१७ साली कीवजवळच्या दार्नित्सा छावणीत अशा रोमानियन कैद्यांमधून स्वयंसेवक निवडले गेले आणि ते रोमानियाच्या बाजूनं लढायला गेले. एकाच माणसाचा एक कागद शत्रूच्या दप्तरात आणि दुसरा स्वतःच्या, अशी ही गत. कादंबरीकार लिव्हिउ रेब्रेआनु यांचा भाऊ एमिल ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेत अधिकारी होता. रोमानियाच्या बाजूला पळून जाण्याच्या प्रयत्नाबद्दल १९१७ साली त्याला फाशी दिलं गेलं. एका राज्याच्या लेखी फितूर, दुसऱ्याच्या लेखी हुतात्मा. रेब्रेआनुंची १९२२ सालची ‘फाशी गेलेल्यांचं अरण्य’ या अर्थाच्या नावाची कादंबरी या दुःखातूनच आली.

यावर कोणी म्हणेल, हा घोळ सरहद्दीवरच्या लोकांचा. मोल्डाव्हिया किंवा वालाकिया या जुन्या रोमानियातल्या माणसाचं काय? त्याचा रस्ता सरळ आहे, हे खरं. भरती मंडळाच्या नोंदवह्या, सेवापत्रकं, लष्करी पुस्तिका यांच्यासाठी पिटेश्टीच्या लष्करी अभिलेखागाराकडे विचारणा करायची. पण सरळ रस्त्यावरही खड्डे आहेत. पुस्तिकेत ‘कॉन्टिन्जेन्ट’ म्हणून जो आकडा असतो तो जन्मसाल नव्हे, भरतीचं साल. तो जन्मसाल समजून चर्चच्या वह्या चाळणारा माणूस वीसएक वर्षांनी चुकतो. त्याहून फसवी गोष्ट तारखेची. रोमानियाचा सरकारी कारभार १९१९च्या वसंतापर्यंत जुन्या, तेरा दिवस मागे असलेल्या पंचांगावर चालत होता. त्या वर्षी ३१ मार्चनंतर एकदम १४ एप्रिल उजाडला. त्यामुळे ‘६ ऑगस्ट १९१७ रोजी मारशेश्तीला जखमी’ असा शेरा जुन्या कागदावर दिसला, तर इतिहासाचं आजचं पुस्तक उघडून तो लढाईचा पहिला दिवस होता असं ठरवू नये. जुना ६ ऑगस्ट म्हणजे नवा १९ ऑगस्ट, त्या लढाईतला सगळ्यात भीषण दिवस.

दुसऱ्या महायुद्धात तर गावं जागच्या जागी राहिली आणि सरहद्दीच त्यांच्या अंगावरून फिरल्या. पहिल्या महायुद्धानंतर रोमानियात आलेल्या ट्रान्सिल्व्हेनियाचा उत्तर भाग ऑगस्ट १९४०मध्ये पुन्हा हंगेरीला दिला गेला. क्लुज हंगेरीत गेलं, तिथून तीसेक किलोमीटरवरचं तुर्दा रोमानियात राहिलं. एका घरातले दोन चुलतभाऊ या दोन गावांत असतील, तर त्यांचे कागद दोन देशांत सापडणार. हंगेरीकडे गेलेल्या कित्येक रोमानियन तरुणांच्या हाती बंदुकीऐवजी फावडं दिलं गेलं, म्हणजे त्यांची नोंद लढाऊ पलटणीत नव्हे, श्रमिक तुकडीत. ज्यू कुटुंबांना तर दोन्ही बाजूंना फावड्याचीच नोंद शोधावी लागते. ट्रान्सिल्व्हेनियातले जर्मन १९४३च्या रोमानिया-जर्मनी करारानंतर हजारोंच्या संख्येनं जर्मनीच्या वाफेन-एसएस फौजेत गेले. त्यांच्यासाठी दार बर्लिनचं. बेसारेबियातल्या तरुणांना १९४४ साली लाल सैन्यानं भरती करून घेतलं. त्यातच २३ ऑगस्ट १९४४ला रोमानियानं बाजू बदलली. कालपर्यंत सोव्हिएतांशी लढणारी फौज त्यांच्या बरोबरीनं हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियापर्यंत गेली. मात्र त्याच गोंधळात हजारो रोमानियन सैनिक सोव्हिएत कैदेत पडले. ‘बाजू बदलल्यावर रशियनांनी आजोबांना का पकडलं असेल?’ हा प्रश्न म्हणूनच घरच्या आठवणीला खोटं ठरवत नाही. आठवण तारीख हरवते, ठिकाण सहसा हरवत नाही. कागदाचं नेमकं उलटं.

एक हरकत मात्र अवघड आहे. पलटणीचं नाव सापडलं की पलटण कुठं होती तेही सापडतं, आणि ती ऑक्टोबर १९४१मध्ये ओडेसाला असेल तर? तिथं रोमानियाच्या फौजेनं ज्यूंची सामूहिक कत्तल केली. एली विझेल यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं २००४ साली रोमानियाच्या अमलाखाली मारल्या गेलेल्या ज्यूंचा आकडा २,८०,००० ते ३,८०,००० असा मांडला. असं काही निघण्याच्या भीतीनं शोध अर्ध्यावर सोडणारे असतात, आणि पलटणीचं नाव दिसताच आजोबांना दोषी ठरवून मोकळे होणारेही. मला दोन्ही पटत नाही. पलटणीच्या रोजनिशीवरून माणूस कुठं होता एवढं कळतं, त्याच्या हातून काय झालं ते नाही. पण तो कुठं होता हे माहीत नसताना त्याला निर्दोष म्हणण्याचाही हक्क नातवंडांना पोचत नाही.

आणि एकही दप्तर उघडलं नाही, तर गावच्या चौकात जावं. पहिल्या महायुद्धातल्या मृतांची नावं कोरलेली स्मारकं रोमानियात खेडोपाडी आहेत. गणवेश कोणाचा होता हे त्यांवर बहुधा लिहिलेलं नसतं, पण नावांच्या वरची सालं वाचावीत. रोमानियाचं युद्ध १९१६ ते १९१८. ट्रान्सिल्व्हेनियातल्या कित्येक दगडांवर कोरलं आहे १९१४ ते १९१८.