शत्रूने नाही, आपल्याच वरिष्ठांनी दगा दिला तर? सैनिकांच्या रागामागची 'मॉरल इंज्युरी' काय असते?

व्हिएतनाम युद्धातली एक रात्र. बोटींतून शस्त्रं उतरवली जातायत, अशी खबर मिळते आणि अमेरिकन तुकडी गोळीबार करते. सकाळी उजेडात पाहतात तर मेलेले सगळे मच्छिमार आणि लहान मुलं. वरिष्ठ म्हणतात, काळजी करू नका, आम्ही बघून घेतो. मेलेल्यांची मोजणी शत्रू म्हणून होते आणि वर पदकंही दिली जातात.

हा प्रसंग एका सैनिकाने बॉस्टनमध्ये माजी सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांना सांगितला होता. १९९४ साली आलेल्या 'अकिलीस इन व्हिएतनाम' या पुस्तकात शे यांनी तो दिलाय.

मुद्दा काय होता?

शे यांच्या लक्षात आलं की बऱ्याच जणांचा राग शत्रूवर नव्हताच. ज्यांच्या हुकमावर जीव धोक्यात घातला, त्यांनीच चुकीचं वागून विश्वास मोडला, ही खरी जखम होती. ग्रीक महाकाव्यातल्या अकिलीसचंही तेच झालं. सेनापती अगामेम्नॉनने त्याचा मान हिरावला आणि तो लढाई सोडून बसला.

या जखमेला 'मॉरल इंज्युरी' म्हणतात. पीटीएसडीच्या मुळाशी बऱ्याचदा जिवाची भीती असते. इथे मुळाशी 'माझ्याशी अन्याय झाला' ही भावना असते. दोन्ही एकाच माणसात असू शकतात.

अडचण अशी, की ज्याने दगा दिला तो वरिष्ठ समोर नसतो. समोर असतात बायको, मुलं, रस्त्यावर कट मारणारा गाडीवाला. राग तिथे निघतो.

मग उपचार कसे होतात?

पहिली गोष्ट, 'विसरून जा' म्हणायचं नाही. दगा खरोखर झालेला असू शकतो. समुपदेशकाने तो नाकारला, तर तोही 'त्यांच्यातलाच' ठरतो.

दुसरी, रागाची चाहूल ओळखणं. जबडा आवळणं, छाती धडधडणं, आवाज चढणं. त्याच क्षणी बाजूला होण्याचा सराव केला जातो. रेमंड नोवाको यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत हे आधी सोप्या, मग अवघड प्रसंगांवर घोटून घेतात.

तिसरी, विचार तपासणं. 'त्या अधिकाऱ्याने फसवलं' हे खरं असेल. पण 'म्हणून सगळेच फसवतात' हे खरं आहे का? राग पसरतो तो या दुसऱ्या वाक्यातून.

'अ‍ॅडॅप्टिव्ह डिस्क्लोजर' या उपचारात सैनिकाला, आदर वाटणाऱ्या आणि समजून घेणाऱ्या माणसाशी मनात संवाद करायला सांगतात. जे कुणालाच सांगितलं नाही, ते तिथे बोललं जातं.

सोबत झोप आणि दारू यांकडेही बघावं लागतं. घरात हत्यार असेल तर ते हाताशी राहणार नाही, याची सोय लागते. माफ करायलाच पाहिजे, अशी अट मात्र नसते.

आपल्याकडे मदत कुठे?

'टेली मानस'ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन २४ तास चालू असते. सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत सुरू झाला. घरच्यांनाही फोन करता येतो. आणि राग मारहाणीपर्यंत गेला असेल, तर आधी स्वतः सुरक्षित जागी जा, समजूत नंतर घालता येईल. रागामागचं कारण खरं असलं, तरी घरच्यांनी मार सोसावा असा त्याचा अर्थ होत नाही.