पिशवी उघडून बघा

‘बस धुळ्याच्या स्टँडवर रिकामी झाली, तरी मागच्या सीटवर एक पिशवी तशीच होती.’ दहावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत असं एखादं वाक्य इंग्रजीत देतात आणि पुढची गोष्ट आपण रचायची असते. 80 पैकी गुण जेमतेम 5, पण गैरसमज गाडाभर.

सगळ्यात चिवट गैरसमज असा, की सुरुवात उतरवायची आणि खाली पाठ केलेली गोष्ट चिकटवायची. मग पिशवीत नोटांची बंडलं निघतात, मालक सापडतो, बक्षीस मिळतं. पिशवीऐवजी पाकीट घातलं तरी या गोष्टीचं काही बिघडत नाही. दिलेलं वाक्य काढूनही गोष्ट उभी राहत असेल, तर ते वाक्य वापरलंच नाही म्हणायचं.

त्यापेक्षा पिशवी उघडून बघा. आत एक्स-रेचा मोठा लिफाफा आणि फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी. भाकरी सकाळचीच, अजून मऊ. एक्स-रे धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचा असणार. मग पिशवीवाली गेली कुठे? जळगावहून येताना एरंडोल लागतं, मग पारोळा. पारोळ्याला बस थांबली, आजी पाणी प्यायला उतरली आणि कंडक्टरनं डबल बेल दिली. ‘मागची सीट’सुद्धा कामाला आली: ती तिथे बसली होती, म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही.

इंग्रजी पेपरात वातावरणही इंग्रजी हवं, असं अनेकांना वाटतं. म्हणून जॅक येतो, लंडन येतं, बर्फ पडतो. ज्यानं बर्फ पाहिला नाही त्यानं मे महिन्यातलं जळगाव लिहावं, आणि भाकरीला इंग्रजीतही भाकरीच म्हणावं. घरी अहिराणी बोलत असाल, तर आजीला मारलेली हाक आधी अहिराणीतच ऐका: ‘माय, तुनी पिशवी राही गयी!’ ती इंग्रजीत चार-पाच साध्या शब्दांत बसते. डिक्शनरीतले जड शब्द लागत नाहीत.

व्याकरण चुकलं की सगळं गेलं, हेही खरं नाही. इंग्लंडच्या जीसीएसई परीक्षेत, एक्यूए मंडळाच्या पेपरात, अशा लेखनाला 40 गुण असतात. त्यातले 24 आशय आणि मांडणीचे, 16 भाषेच्या अचूकपणाचे. अर्थात 16 म्हणजे थोडे नव्हेत. भूतकाळात सुरू झालेली गोष्ट मध्येच वर्तमानात घसरू नये, एवढं तरी सांभाळावंच.

तिथे चित्रही देतात. चित्र दिलं की त्यातली झाडं-माणसं मोजत बसायची, हा आणखी एक घोळ. असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. पण सुगरणीच्या खोप्यात त्यांना पिल्लांसाठी टांगलेला झोका दिसला. झाडाच्या फांद्या त्यांनी मोजल्या नाहीत.

तात्पर्य कुणी मागितलेलं नसतं. शीर्षक मात्र द्यावं लागतं, आणि ‘द ऑनेस्ट बॉय’ वाचून वाचून तपासणारे कंटाळलेले असतात. आपल्या आजीच्या गोष्टीला ‘टेन मिनिट्स ॲट पारोळा’ चालेल.