मुलांसाठी वेब पान बनवताना मोकळी जागा का सोडावी?



मागच्या वर्षी तिसरीच्या मुलांसाठी मी मोहाच्या झाडावर एक वेब पान तयार केलं. माहिती चांगली जमली होती, पण पालकांच्या मोबाईलवर उघडलं की नुसती अक्षरांची भिंत दिसायची. वर्गातली एक मुलगी ओळ संपली की परत तीच ओळ वाचायची. "मॅडम, कुठवर वाचलं तेच सापडत नाही," म्हणाली. मला वाटलं, तिचं वाचन कच्चं आहे. तोच मजकूर फळ्यावर सुटा सुटा लिहिला, तर तिने न अडखळता वाचला! म्हणजे चूक माझ्या मांडणीची होती.

मोकळ्या जागेचं काम समजायला "तीनदीवैनगंगा" हे वाचून पाहा. मूल आधी "तीन" वाचतं, अडतं, मागे येतं आणि मग "ती नदी वैनगंगा" जुळवतं. जुनी मोडी लिपी अशीच लिहायचे. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली शब्दांत अंतर न ठेवता सलग अक्षरं. लिहिणं भरभर व्हायचं, वाचायला मात्र सराव लागायचा. आपल्याकडे ज्या मुलांच्या घरी गोंडी किंवा माडिया बोलतात, त्यांना मराठी शब्द कुठे संपतो हे नुसतं ऐकूनही पटकन कळत नाही. त्यांना तर ही जागा फारच उपयोगी.

ओळींमधलं अंतर देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. आपल्याकडे वेलांटी, मात्रा, रफार वर आणि उकार खाली. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट अंतर ठेवा. मी लहान मुलांसाठी १.८ पट ठेवते.

अक्षरा-अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका. इंग्रजीत ते चालून जातं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि "कमळ" चं "क म ळ" होतं.

अजून एक. दोन्ही कडा सरळ दिसाव्यात म्हणून आपण जस्टिफाय करतो ना, ते मोबाईलसाठी टाळा. "ग्रामपंचायतीकडून" असा लांब शब्द अरुंद ओळीत मावत नाही, खाली जातो, आणि वरच्या ओळीत उरलेल्या शब्दांमध्ये मोठी भोकं पडतात. डावी कड सरळ ठेवली की पुरे. शीर्षकाच्या वर जास्त जागा आणि खाली कमी सोडा, म्हणजे ते कोणत्या मजकुराचं आहे ते दिसतं.

मोहाचं पान मी एकही वाक्य न काढता पुन्हा मांडलं. दोन-तीन वाक्यांचा परिच्छेद, मग एक रिकामी ओळ, दोन्ही बाजूंना थोडा समास. पान बरंच लांब झालं. एका पालकांनी विचारलंही, "मॅडम, एवढं सरकवत बसावं लागते का?" लागतं. पण रिकाम्या ओळींनी डेटा काही संपत नाही, आणि सरकवायला मुलं कधी कंटाळलेली मी तरी पाहिली नाहीत.